शिंपीणबाईंचा खडू

गोठ्यात एक विनोद फार चालायचा. पाहुणा आला, नवा माणूस कामाला लागला, दुधाचे कॅन गाडीत चढवून झाल्यावर चहाचे पेले हातात आले, की कुणीतरी म्हणायचंच, "अरे, ते पोटोबाच्या बायकोचं सांगितलं का याला?" मग हसता हसता चहा सांडायचा. आता तो विनोद कुणी सांगत नाही. चुकून कुणी तोंड उघडलंच, तर शेजारचा त्याच्या पायावर पाय देतो.

पोटोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्यालासुद्धा सही करतानाच आठवायचं. बासष्ट गायींचा तो गोठा, आणि त्या बासष्ट गायींच्या पोटांचा हा माणूस एकतीस वर्षं जाणकार. सकाळी आला की आधी कुणाशी बोलायचं नाही. गायीच्या डाव्या कुशीत मूठ रुतवून, डोळे मिटून उभं राहायचं. गायीचं मोठं पोट आतून वळतं, ते वळण मुठीला खालून उचलतं. दोन मिनिटांत तीन वळणं आली की गाय ठीक. दोन आली की तो तोंड वाकडं करायचा. एकच आलं तर हातातलं सगळं टाकून गुरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन. तिथून शेणाकडे. शेण पातळ की घट्ट, काळसर की पिवळट, त्यात न पचलेले दाणे किती, हे तो ज्या तन्मयतेने बघायचा त्या तन्मयतेने लोक वर्तमानपत्रही वाचत नाहीत. मुकादम म्हणायचा, "याला शेण दाखवा, हा गायीची कुंडली मांडून देईल." यावर पोटोबा खूश व्हायचा. कौतुक कुठल्या का पातेल्यातून वाढलेलं असेना, त्याला गोड लागायचं. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच प्रेम करणारा होता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

त्याची बायको शिवणकाम करायची. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनसमोर जमिनीवर कापड पसरायला मोकळी जागा. त्या जागेवर पाय ठेवायची कुणाची टाप नव्हती. गोठ्यातली सगळी माणसं तिच्याकडूनच कपडे शिवून घ्यायची आणि तिला शिंपीणबाई म्हणायची. ती कमी बोलायची. तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय, त्यामुळे बोलणं तसंही अवघडच. घरात बोलायचं खातं नवऱ्याकडे होतं. एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्यापासून तर संध्याकाळची सगळी सभा त्याचीच. तो भिंतीला टेकून गायींच्या गोष्टी सांगायचा, ती कापडावर खुणा करत ऐकायची.

एका वर्षी गोठ्यातल्या गायी भिंत चाटायला लागल्या.

आधी चार-पाच, मग वीस, मग जवळजवळ सगळ्याच. गव्हाणीत वैरण भरलेली, आणि या मान वळवून भिंतीचा गिलावा खरवडतायत. दोरखंड चघळायच्या, पोती ओढायच्या. एकीने तर मुकादमाच्या रेनकोटाची बाही गिळली. दूध उतरलं. काळ्याभोर गायींचे केस तांबूस, गंजल्यासारखे झाले, डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखी फिकट कडी उमटली. मुकादम म्हणाला, "खोड आहे झालं. एकीचं बघून दुसरी शिकते. भिंतीला तिखट फासा." तिखट फासलं. गायी शिंकल्या आणि पलीकडची भिंत चाटायला लागल्या.

पोटोबा मात्र पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, "जनावर उगाच भिंत चाटत नाही. आत काहीतरी कमी पडतंय, ते बाहेर शोधतंय बिचारं." त्याने डॉक्टरीणबाईंना बोलावून गायींचं रक्त तपासायला लावलं. निकाल आला तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. तांबं कमी होतं आणि कोबाल्ट तर जवळजवळ नव्हतंच. चारा ज्या जमिनीतून यायचा तिच्यातच ते उरलं नव्हतं. बाईंनी समजावलं, "गायीच्या पोटात न दिसणाऱ्या जिवांचं अख्खं गाव राहतं, पोटोबा. चारा पचवतं ते गाव. त्या गावाला चिमटीच्या चिमटीएवढं कोबाल्ट लागतं. ते मिळालं की तेच गाव रक्त तयार व्हायला लागणारं जीवनसत्त्व बनवून देतं. नाही मिळालं, की पोट मंद, भूक मेलेली, रक्त पातळ. मग गाय माती खाते, भिंत खाते, काय वाट्टेल ते खाते."

खनिज मिश्रणाचा निळा डबा आला, सोबत एक चमचा. प्रत्येक गायीला रोज किती, ते बाईंनी चमच्यावर रेघ मारून दाखवलं. कमी नको आणि जास्त तर मुळीच नको. तांबं जास्त झालं तर यकृतात साठून राहतं आणि एक दिवस जीव घेतं. तो डबा पोटोबाने दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. दोन महिन्यांत भिंती सुटल्या. गायी गव्हाणीत तोंड घालून खायला लागल्या, बसून डोळे मिटून रवंथ करायला लागल्या. अंगावरचा काळा रंग परतला. मुठीखाली पुन्हा तीन वळणं यायला लागली. पोटोबाचे पाय त्या दिवसांत जमिनीला लागत नव्हते.

हे सगळं घरी रोज, बारीकसारीक तपशिलांसकट सांगून व्हायचं. अशाच एका संध्याकाळी बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि विचारलं, "पण कमी आहे ते तुम्हाला कळलं कशावरून?"

"अगं, चाटण्यावरून! खायचं नाही ते खायला लागलं जनावर, की समजायचं."

"आणि ते खाल्लं नाही तर राहवत नाही का त्यांना?"

"नाहीच राहवत. तिखट फासलं तरी चाटतात."

तिने खडू खाली ठेवला. मग कापडावरची सुरकुती तळहाताने सारखी करत, मान वर न करता म्हणाली, "मग मलाही द्या की त्यातलं एक चमचा."

पोटोबा असा हसला की शेजारच्या घरातून विचारणा झाली. "आधी चार पायांवर चालून दाखव," तो म्हणाला, "मग घालतो गव्हाणीत!" तीसुद्धा हसली. खडू उचलला आणि पुन्हा खुणा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात हे सांगितल्याशिवाय त्याच्याने राहवणार होतं थोडंच? मीठमसाला लावून सांगितलं. मुकादम तर पोट धरून खाली बसला. त्यानंतर शिंपीणबाई रस्त्यात दिसल्या की कुणी ना कुणी विचारायचंच, "काय वहिनी, मिळाला का चमचा?" त्या हसून मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. पुढे जाऊन कोपऱ्यावरच्या कट्ट्याला हात टेकून थोडं थांबायच्या. ते थांबणं कुणी बघितलं नाही.

आता त्या खडूचं सांगायला हवं. कापडावर खुणा करायचा चपटा खडू असतो ना, त्याचा खोका पोटोबाच आणून द्यायचा. पूर्वी एक खोका चार-पाच महिने पुरायचा. पुढे महिन्याला एक लागायला लागला. दुकानदार म्हणाला, "वहिनींचं काम फार वाढलंय वाटतं." पोटोबाने घरी येऊन बायकोची फिरकी घेतली, "खडू शिवतेस की काय कपड्यांऐवजी?" ती म्हणाली, "हल्लीचे खडू ठिसूळ असतात हो." पटलं त्याला. एकदा म्हणाली, "खोका आणाल तर सगळे पांढरेच बघून आणा. निळे आणि गुलाबी पडून राहतात." त्याने दुकानात खोका उघडून, निळे-गुलाबी बदलून, सगळे पांढरे निवडून आणले. बायकोसाठी एवढं करणारा नवरा होता तो. म्हणूनच तर जीव जास्त जळतो.

शेणाच्या रंगावरून गायीचं पोट सांगणाऱ्या या माणसाला घरातली बाई पांढरी पडत चाललेली दिसली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. जिना चढताना ती मध्ये थांबायची. तो म्हणायचा, बसून बसून काम करायची सवय लागलीय, चालत जा जरा. जेवताना ताट सरकवायची. तो म्हणायचा, उन्हाळा आहे. केस गळायला लागले, तो म्हणाला, वय झालं आपलं. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे एक उत्तर तयार असायचं आणि ते ऐकून ती मान डोलवायची. गायीने ताट सरकवलं असतं, तर तो रात्रभर झोपला नसता.

एका दुपारी ती मशीनवरच कोसळली. पायाखाली मशीनची पट्टी, सुईत अर्धवट शिवलेला कुणाचा तरी कोट. कोट न्यायला आलेल्या गिऱ्हाईकानेच तिला दवाखान्यात नेलं आणि गोठ्यात निरोप पाठवला. पोटोबा अंगावरचा शेणाचा वास घेऊन तसाच धावत गेला.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, थकलेला होता, पण चांगला होता. म्हणाला, "अंगात रक्त फार कमी उरलंय. इतकं कमी, की या आतापर्यंत काम कशा करत होत्या, हेच मला कळत नाही. मला काही विचारायचंय. भूक कशी होती?"

"उन्हाळ्यामुळे जरा…"

"वजन किती उतरलं?"

"ते… बघितलं नाही."

"शौचाचा रंग काळा होता का? डांबरासारखा?"

हे पोटोबाला माहीत नव्हतं. बासष्ट गायींपैकी कुठलीही सांगा, आठ दिवसांपूर्वीच्या सकाळचं सांगा, तो सांगू शकला असता.

"बरं, खायचं नाही असं काही खायच्या का? माती, कोळसा, खडू? रक्त कमी असलं की काही जणांना तशी ओढ लागते."

पोटोबा डॉक्टरकडे बघत राहिला. मग त्याने खाटेकडे बघितलं. ती जागी होती. डोळे मिटलेले होते, पण जागी होती, आणि मिटल्या डोळ्यांनीच हळू म्हणाली, "खडू. दीड वर्ष झालं असेल."

पुढच्या चार दिवसांत सगळं उलगडलं. पोटात गाठ होती. ती रोज थोडं थोडं रक्त गाळत होती, कुणाला न कळवता. आता ती यकृतापर्यंत पोचली होती. "दीड वर्षापूर्वी नुसतं रक्त जरी तपासलं असतं…" डॉक्टर म्हणाला, आणि पोटोबाचा चेहरा बघून वाक्य तिथेच सोडून दिलं. गोठ्यातल्या डब्यातल्या चमच्याने काही झालं नसतं, हे पोटोबालाही कळत होतं. ती औषध मागतच नव्हती. का मागतेस, एवढं त्याने विचारायला हवं होतं.

बाहेरून रक्त चढवल्यावर तिच्या गालांवर दोन दिवस जरा रंग आला. तेव्हा त्याने विचारलं. आवाज चढलाच त्याचा. काळजीने माणूस रागावतो तसा. "मला सांगायचं नाही का गं? मला? एवढी दीड वर्षं?"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली.

"कधी?"

"चमचा मागितला होता ना." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही हसलात. मग मीही हसले."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. तो असता तर त्याला भांडता आलं असतं. ती अगदी झालेली गोष्ट सांगावी तशी सांगत होती. तो खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभा राहिला आणि शेजारच्या खाटेवरचे लोक बघत असताना लहान मुलासारखा रडला.

"आधी थेट बोलायची लाज वाटायची," ती पुढे म्हणाली. "बाईमाणसाने खडू खायचा म्हणजे काय! दार लावून खायचे. नाही खाल्ला तर जीव कासावीस व्हायचा. मग तुम्ही गायींचं सांगितलंत, आणि मला वाटलं, अरेच्चा, हे तर माझंच." मग म्हणाली, "लेकीला मात्र खडूचं सांगू नका हं. ती तिच्या सासरी सांगेल, सगळे हसतील."

"नाही सांगत."

"शपथ?"

"शपथ."

तिला घरी आणलं. पुढच्या खोलीत, कापड पसरायच्या त्या जागेवर गादी घातली. लेक येऊन जाऊन होती. पोटोबाने रजा टाकली. निळा डबा पहिल्यांदाच मुकादमाच्या हाती गेला. सकाळी उठला की सवयीने त्याचा हात तिच्या पोटावर जायचा, डाव्या बाजूला, मूठ वळलेली. मग त्याला शरम वाटायची आणि मूठ उघडून तो नुसता तळवा ठेवायचा. एकदा ती हसून म्हणाली, "किती वळणं आली?"

"तीन," तो म्हणाला.

"खोटं बोलता. माणसाला नसतात तशी. तुम्हीच सांगितलंय." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "त्या रेनकोटवालीचं काय झालं हो?"

"गाभण आहे. चांगली आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. "वेळेवर कळलं तिचं."

सात आठवड्यांनी ती गेली. सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन मशीनवर आलं होतं. गोठ्यातली सगळी माणसं आली, तिने शिवलेले कपडे घालून. मुकादम दारातच उभा राहिला, आत यायला धजेना. शेवटी पोटोबाच उठून त्याच्याजवळ गेला. मुकादम म्हणाला, "मी त्यांना रस्त्यात विचारायचो रे, मिळाला का चमचा म्हणून. प्रत्येक वेळी विचारायचो." त्याला समजावण्याएवढं बळ पोटोबाजवळ उरलं नव्हतं.

महिनाभराने लेक मशीन न्यायला आली. आईचं मशीन आपल्याकडे असावं, असं तिला वाटत होतं, आणि त्यालाही ते खिडकीशी नुसतं उभं असलेलं बघवत नव्हतं. न्यायच्या आधी तिने खण रिकामे केले. दोऱ्याची रिळं, बटणांचा डबा, मोजायची फीत. सगळ्यात खालच्या खणात, अस्तराच्या चिंध्यांमागे, एक पत्र्याची डबी निघाली. तिने झाकण उघडलं. आत पांढऱ्या खडूचे दहा-बारा तुकडे होते, कडा कुरतडलेले, प्रत्येकावर बारीक दातांच्या खुणा.

"बाबा, हे काय? उंदीर झालेत का घरात?"

पोटोबा दारात उभा होता. त्याने डबीकडे बघितलं.

"झालेत," तो म्हणाला. "औषध टाकायला पाहिजे."

लेकीने नाक मुरडून डबी केराच्या टोपलीत उपडी केली आणि हात धुवायला गेली. दुपारच्या गाडीने ती मशीन घेऊन निघून गेली. पोटोबा तिला पोचवून परत आला. खिडकीखाली मशीनच्या चार पायांचे चार डाग उमटले होते. तो केराच्या टोपलीशी उकिडवा बसला आणि त्याने एकेक तुकडा वेचून काढला, फुंकर मारून पुसला, ओळीने जमिनीवर मांडला. मग त्यातला एक उचलला आणि जिथे तिचे दात लागले होते, तिथेच दात लावला.

खडू तोंडात फुटला. त्याला ना खारट चव होती, ना गोड, ना कडू. नुसती कोरडी भुकटी, टाळूला चिकटणारी, घशाखाली न उतरणारी. चांगल्या चवीचं काहीतरी असेल, निदान थोडंतरी, अशी त्याला आशा होती. तो चावत राहिला, शोधत राहिला. त्या खडूत काहीच नव्हतं. दीड वर्ष ती रोज दार लावून यातच शोधत होती, आणि यात ते नाही हे कळल्यावर मध्येच एकदा तिने त्याच्याकडे मागितलं होतं. एक चमचा.